रडारवरून फिरण्याचा वेग काढताय? या चुका टाळा

कोपरखैरण्यातल्या आमच्या खोलीत ७७ गिगाहर्ट्झचं छोटं रडार आहे. समोर मिनिटाला एक फेरी मारणारा फिरता स्टँड, त्यावर प्लायवूडची फळी आणि फळीवर पुठ्ठ्याला फॉइल डकवून केलेले रिफ्लेक्टर. प्रोजेक्टला येणारी पोरं पहिली प्रतिमा झकास आली की खूश होतात. गोची तिथेच आहे. आयसार प्रतिमेच्या (म्हणजे वस्तूच्या फिरण्यातून रडारने काढलेल्या चित्राच्या) आडव्या अक्षावर हर्ट्झ असतात, सेंटिमीटर नव्हेत. हा डॉप्लर, म्हणजे बिंदू हलल्यामुळे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक. त्यांचे सेंटिमीटर करायला फिरण्याचा वेग लागतो, आणि प्रतिमा सुबक आली म्हणून तो बरोबर येत नाही.

आकडेच बघा. स्टँड अर्ध्या सेकंदात ३ अंश फिरतो. तरंगलांबी ३.९ मिलिमीटर, म्हणजे आडवं रिझोल्यूशन (दोन बिंदू वेगळे दिसायला लागणारं अंतर) पावणेचार सेंटिमीटर. प्रतिमेला एवढं पुरे. वेग मात्र डॉप्लर किती झपाट्याने सरकतो यावरून काढायचा असतो. रडारच्या रेषेत, मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे-पुढे असलेल्या बिंदूचा डॉप्लर सेकंदाला जेमतेम १.७ हर्ट्झ सरकतो. अर्ध्या सेकंदात ०.८५, आणि तेवढ्या डेटात आपल्याला २ हर्ट्झपेक्षा बारीक दिसतच नाही. मग काय मोजणार, कपाळ! ३ सेकंदांचा डेटा घ्या. तेवढ्या वेळात कडेचे बिंदू अंतराचे दोन-तीन खाने ओलांडतात, त्यांना आधी कीस्टोन नावाच्या दुरुस्तीने जागेवर आणा.

एकाच रिफ्लेक्टरवर विसंबू नका. वेगवेगळ्या अंतरावरचे बिंदू घ्या, प्रत्येकाचं अंतर आणि त्याचा डॉप्लर सरकण्याचा दर आलेखावर मांडा आणि त्यातून सरळ रेषा बसवा. केंद्र नेमकं कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. रेषेच्या उतारातून वेगाचा वर्ग मिळतो, त्यामुळे दिशा कळत नाही. प्रतिमा आरशातली निघाली तर कोडला शिव्या घालू नका.

एका पोराची अख्खी रात्र स्टँडच्या डुगडुगण्यात गेली. पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवल्यावर सगळं ठीक! १ मिलिमीटर हललं तरी फेज (परतलेल्या लहरीचा टप्पा) १८० अंशांहून जास्त फिरतो. छताचा पंखाही बंदच ठेवा. मे महिन्यात ही शिक्षाच, पण इलाज नाही.

हेच कोड वाशीच्या खाडीपुलावरून होडीवर लावाल तर फसाल. होडी डुलते, नाक वर-खाली करते, वळते. वेग एकसारखा राहत नाही आणि रडारला फक्त नजरेच्या रेषेशी काटकोनातलं फिरणं दिसतं. तिथे डेटाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेग वेगळा काढा.