जहांगीरला जाऊन चित्रं कशी बघायची आणि घरी येऊन स्वतःचं चित्र कसं काढायचं

मुंबईत काळा घोड्याला आपण शंभरदा जातो, कधी कोर्टाच्या कामाला, कधी पाहुण्यांना गेटवे दाखवायला, आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावरून तसेच पुढे निघून जातो. आत जायला एक रुपयाही लागत नाही तरी मला कितीतरी जण विचारतात की आपल्याला आत सोडतात का, आपल्याला चित्रातलं काही कळत नाही मग काय करायचं आत जाऊन. सोडतात हो! १९५२ पासून ती गॅलरी सगळ्यांसाठी उघडी आहे. आणि कळण्याचं म्हणाल तर ते बघूनच येतं, म्हणून मी कशी बघते ते इथे सांगते.

आधी दिवस ठरवा. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात आणि वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७. माझ्या मते बुधवार किंवा गुरुवारची दुपार सगळ्यात चांगली, गर्दी नसते आणि चित्रकार स्वतः हॉलमध्ये निवांत बसलेले असतात. त्याच दिवशी रस्त्यापलीकडचं एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, पण बघायचं असेल तर सोमवार टाळा, ते सोमवारी बंद असतं आणि तिथे छोटं तिकीट आहे. चर्चगेटला उतरलात तर ओव्हल मैदानाच्या कडेने चालतच जा, पंधरा-वीस मिनिटांत पोचता.

सोबत फक्त एक छोटी कोरी वही आणि ४बी पेन्सिल घ्या, ही मऊ असते आणि गडद उमटते. पेन नको, चित्रांच्या आसपास शाई नसलेलीच बरी.

आता हॉलमध्ये शिरलात की पहिली फेरी भराभर मारा, चित्राखालच्या चिठ्ठ्या अजिबात वाचू नका, नुसतं बघत जा. पाच मिनिटांत लक्षात येतं की एखादं चित्र तुम्हाला मागे ओढतंय. त्याच्यापुढे परत या आणि आता तिथे दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून थांबा म्हटलं तरी चालेल कारण दोन मिनिटांनी पाय पुढे निघायला लागतात. आधी आठ-दहा फुटांवरून बघा, मग जवळ जा, ब्रशचे फटकारे दिसतील इतकं जवळ, पण हात लावायचा नाही. आणि मनात विचारत राहा की माझी नजर आधी कुठे गेली, सगळ्यात उजेड कुठे आहे, सगळ्यात काळोख कुठे आहे, एकच रंग फिरून फिरून कुठे कुठे आलाय.

एकदा मी एका जुन्या वाड्याच्या जलरंगातल्या चित्रापुढे अशीच उभी होते. भिंतीवर दुपारचं कडक ऊन पडलेलं, आणि मला कळेना की हा पांढरा रंग इतका उजळ आणला कुठून. जवळ जाऊन बघितलं तर तिथे रंगच नव्हता, नुसता कोरा कागद! चित्रकाराने फक्त वळचणीची निळसर-जांभळी सावली रंगवली होती आणि उरलेला कागद आपोआप ऊन झाला होता. मला तर हे कुठल्याही क्लासात शिकून इतकं पक्कं कळलं नसतं.

मग वहीत काड्यापेटीएवढी चौकट आखा आणि त्या चित्रातले फक्त मोठे मोठे आकार काढा, तपशील नको. त्यात तीनच छटा भरा: कोरा कागद, मधला करडा, गडद काळा. तीन मिनिटांचं काम आहे पण चित्राचा सांगाडा हातात येतो. चिठ्ठी आता वाचा, माध्यम आणि आकार बघून घ्या, आणि बाजूला लाल टिकली लावलेली असेल तर ते चित्र विकलं गेलंय असं समजा.

चित्रकाराशी बोला बरं का. लाजू नका. "हा कागद कुठला वापरलात?" किंवा "ही सावली कशी केलीत?" असं विचारलं की बहुतेक जण अगदी मनापासून सांगतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात तिथेही थांबा, समोरच्या माणसाचा चेहरा कागदावर कसा उतरतो ते बघण्यासारखं असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी घरी येऊन स्वतःचं काहीतरी काढा, उद्यावर टाकलं की राहून जातं. चित्रकार के. एच. आरा मुंबईत घरगडी म्हणून काम करत चित्रं काढायचे आणि पुढे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक झाले, तेव्हा वेळ नाही आणि शिक्षण नाही हे कारण मी तरी मानत नाही.

विषय लांब शोधू नका, ओट्यावरचा स्टीलचा तांब्या घ्या, खिडकीजवळ ठेवा म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. डोळे बारीक करून बघा, स्टील आपण पांढरं-चंदेरी समजतो पण त्यात काळे पट्टे किती असतात! आधी काड्यापेटीएवढं कच्चं चित्र, मग मोठं. जाड कागद घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असेल तर उत्तमच, साधा ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो म्हणून चारी कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवा. जलरंग दोनच, अल्ट्रामरीन ब्लू (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). हे दोन मिसळले की सुंदर करडे रंग मिळतात, निळा जास्त पडला तर थंड, तपकिरी जास्त तर उबदार, आणि पाणी कमी ठेवलं तर जवळजवळ काळा. तांब्यावर जिथे उजेड चमकतो तिथे ब्रश नेऊच नका, कागद कोरा सोडा. जलरंग वाळला की फिका पडतो म्हणून ओला असताना वाटतो त्यापेक्षा थोडा गडद लावा. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नका, पावसाळ्यात तर पंख्याखाली ठेवूनही वेळ लागतो, घाई केली की कोबीच्या फुलासारखे डाग उमटतात.

झालं की कागदाच्या मागे तारीख आणि वापरलेले रंग लिहा आणि कपाटाच्या दारावर लावून टाका, जाता-येता दिसेल आणि कुठली सावली कच्ची राहिली ते दोन-तीन दिवसांत आपलं आपल्याला कळेल. तोच तांब्या परत काढा, या वेळी संध्याकाळच्या उजेडात. तोवर मंगळवार येतो आणि जहांगीरला नवीन चित्रं लागतात.