आईच्या व्हॉल्वचं लीक बंद करायला जाण्याआधी

सगळ्यात आधी हृदयात बसवलेल्या कृत्रिम व्हॉल्वचं, म्हणजे झडपेचं, कार्ड शोधा. आईचं ऑपरेशन २००३चं, आणि फाइल २६ जुलै २००५च्या पाण्यात लगदा झाली. कार्ड वाचलं, कारण तिने ते देवघरातल्या डब्यात ठेवलं होतं. पिवळं पडलेलं, कोपरा दुमडलेला, पण ‘टीटीके चित्रा, मायट्रल’ (व्हॉल्वचा प्रकार आणि हृदयातली जागा) आणि साइझ स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांनी रिपोर्टांआधी तेच मागितलं. लीक व्हॉल्वमधून नाही, त्याच्या कडेने होतं. टाके सुटून शिवलेली कड आणि हृदय यांच्यात फट पडते. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन त्या फटीत तारेच्या जाळीचा प्लग बसवतात, छाती पुन्हा उघडावी लागत नाही. पण प्लग व्हॉल्वच्या उघडझाप करणाऱ्या चकतीला अडता कामा नये. म्हणून व्हॉल्व कुठला, हे त्यांना नेमकं हवं असतं.

रक्त पातळ करणारी गोळी, मग ती एसिट्रॉम असो की वॉरफरिन, कधी बंद, तिच्याऐवजी हेपरिनचं इंजेक्शन कधी सुरू, पुन्हा गोळी कधी, हे तारखांसकट लिहून घ्या. ‘ऑपरेशन आहे ना, मग बंदच करू’ असं घरात कुणीतरी म्हणतंच, ऐकू नका. आईसारख्या मेकॅनिकल (धातूच्या) व्हॉल्ववर रक्ताची गुठळी धरली तर जिवावर बेततं.

लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल तर तेही तारखेसकट लिहा. फटीतून रक्त जोरात घुसतं, तांबड्या पेशी फुटतात. आईचं हिमोग्लोबिन त्यानेच उतरत होतं आणि आम्ही वर्षभर नुसती लोहाची गोळी देत बसलो, याचं अजून वाईट वाटतं. हिमोग्लोबिन, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं), क्रिएटिनिन (किडनीचं), आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) हे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नुसती कागदावर पुरत नाही, सीडीही घ्या.

बारीक ताप किंवा दाढदुखी लपवू नका, आईने लपवली होती. व्हॉल्वला इन्फेक्शन असेल तर प्लग बसवत नाहीत. घशातून इकोची नळी घालतात, त्यामुळे कवळी, हलणारा दात, गिळायचा त्रास आधीच सांगा. ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्याही. उपाशी किती तास, ते वॉर्डात विचारा.

डोंबिवलीहून परळला सकाळच्या लोकलने नेऊ नका. दम लागलेल्या माणसाला दादरचा जिना झेपत नाही. आदल्या दुपारीच गाडी करा. रक्तपेढीसाठी दोन माणसं सांगून ठेवा. नंतर पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, तेव्हा पिशवीत वाकणारी स्ट्रॉ असू द्या.