घरच्या वस्तूंनी शिवणकाम आणि क्विल्टिंग: या चुका टाळा

झिजलेली साबणाची वडी, मास्किंग टेप, केसांच्या क्लिपा, जेवणाची ताटली एवढ्या सामानावर देखणी गोधडी शिवून होते. त्यासाठी महागडी साधनं लागतातच असं मला अजिबात वाटत नाही. काम बिघडतं ते वस्तू स्वस्त असल्यामुळे नाही, तर ती कापडावर काय ठेवून जाते हे आधी न बघितल्यामुळे. तेल, चिकटा, गंज, शाई यांतलं बरंचसं शिवताना दिसतही नाही. इस्त्री फिरल्यावर किंवा पहिल्या धुण्यात ते वर येतं, आणि तोवर तुकडे जोडून झालेले असतात. म्हणून कोणतीही नवी वस्तू वापरण्याआधी त्याच कापडाच्या कतरणीवर ती लावून बघा. एक कतरण आधी धुवून मग इस्त्री करा, दुसरी आधी इस्त्री करून मग धुवा. दोन्हींत फरक पडतो, आणि तो का पडतो ते खुणांच्या बाबतीत नीट समजून घ्यायला हवं.

खुणा जातील असं गृहीत धरणं

गडद कापडावर खुणा करायला साबण फार छान. रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. पण वडी साध्या साबणाची हवी. क्रीम किंवा मॉइश्चरायझर घातलेल्या साबणात स्निग्ध अंश जास्त असतो. त्या रेघेवर गरम इस्त्री फिरली की तेलकट डाग कापडात उतरतो, रेशमावर तर तो फारच उठून दिसतो. असा डाग पडलाच आणि कापड धुण्याजोगं असेल, तर भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब लावून हलकेच चोळा आणि धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावू नका.

उष्णतेनं पुसली जाणारी जेल पेनं सध्या बरेच जण वापरतात. साधारण 60 अंश सेल्सिअसला त्यांची रेघ दिसेनाशी होते, त्यामुळे इस्त्री लागताच खूण गायब. गैरसमज इथेच होतो. रंग जातो, पण शाई कापडातच राहते. कडाक्याच्या थंडीत, उणे 10 अंश किंवा त्याखाली, ती रेघ परत दिसू लागते. गडद कापडावर इस्त्रीनंतर फिकट पांढुरकी रेषाही उरू शकते. ही पेनं वापरा, पण जो भाग शिवणीच्या आत, मायेत (शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडात) जाणार आहे तिथेच.

पाण्यानं जाणाऱ्या निळ्या मार्करचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याला उष्णता चालत नाही. धुण्याआधी इस्त्री केली तर खूण पक्की बसू शकते. मुलांच्या धुता येणाऱ्या स्केचपेनांनाही हीच सावधगिरी लागू. दोन्ही प्रकारची पेनं एकाच डब्यात ठेवत असाल तर त्यांवर चिठ्ठ्या चिकटवा. घाईत नेमकं चुकीचं पेन हाती येतं. बॉलपेन मात्र कापडापासून लांबच ठेवा.

टेप लावून विसरून जाणं

सरळ धावदोरा घालायला मास्किंग टेपसारखी सोय नाही. पाव इंच रुंदीची टेप शिवणीलगत चिकटवा, तिच्या कडेनं टाके घाला, उचला, पुढे लावा. पण काम अर्धवट टाकून टेप रात्रभर, किंवा उन्हाच्या खिडकीत आठवडाभर तशीच राहिली की गोंद धाग्यांत शिरतो. त्यावर इस्त्री तर नकोच. चिकटा राहिलाच तर ताज्या टेपचा तुकडा त्यावर दाबून झटकन उचला, दोनचार वेळा केलं की बराचसा निघतो. टेपवरून टाके घालू नका. सुई चिकट होते आणि मशीन टाके सोडायला लागतं. असं झालं तर आधी मशीनच्या धाग्याच्या ताणाशी खेळत बसू नका. सुई काढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, नाहीतर नवी लावा.

एकाच कामात दोन पट्ट्या, दोन मापं

माझ्या मते घरगुती साधनांची सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शाळेच्या लाकडी पट्टीची कड झिजलेली असते, प्लास्टिकची जुनी मापनफीत ताणली गेलेली असते. फरक असतो मिलिमीटरभराचा. पण शिवण 1 मिलिमीटर जास्त गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून 2 मिलिमीटर कापड खाल्लं जातं. 12 पट्ट्या जोडायच्या तर 11 शिवणी येतात, म्हणजे एकूण 22 मिलिमीटर, जवळजवळ एक इंच! मग किनार बसत नाही, कोपरे जुळत नाहीत, आणि आपण दोष कापडाला देतो. एक पट्टी ठरवा आणि ते काम संपेपर्यंत तीच वापरा.

मशीनवर शिवणीची रुंदी राखायला टेपचे पाचसहा थर एकावर एक चिकटवून छोटी भिंत करता येते. माप सुईच्या टोकापासून घ्या, फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेपासून नाही. कापड पुढे सरकवणारे दाते आणि बॉबिनचं झाकण टेपखाली जाऊ देऊ नका. मग दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, पाव इंचाची माया ठेवून जोडा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टेप सुईकडे थोडी सरकवा, जास्त भरली तर लांब न्या. तुकडे कापायला बसण्यापूर्वीची ही दहा मिनिटं वाचवू नका.

पुठ्ठ्याचे साचेही असाच दगा देतात. तेच षट्कोन गिरवून गिरवून पेन्सिल कडा झिजवते, आणि शेवटचे तुकडे पहिल्यांशी जुळत नाहीत. जुनी एक्स-रे फिल्म किंवा प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापून साचा केला तर तो टिकतो. तुकडे कागदावर ठेवून शिवत असाल तर वर्तमानपत्र टाळा, त्याची शाई फिक्या कापडाला लागते. ताटलीनं गोल आखताना रेघ काठाच्या बाहेर पडते, म्हणून गोल ताटलीपेक्षा किंचित मोठा येतो. सगळे गोल एकाच ताटलीनं आणि एकाच पेन्सिलीनं आखले की झालं.

पिना आणि चिमटे

गोधडीचे थर जोडायला सेफ्टी पिना उत्तम, साधारण मुठीएवढ्या अंतरावर लावाव्यात. स्वस्त पिना दमट हवेत गंजतात, आणि सुती कापडावरचा गंजाचा डाग काढणं फार कठीण. काम महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर पिना काढून कच्चे टाके घाला. रेक्झिन किंवा चामड्याला टाचणीचं भोक कायमचं पडतं, तिथे क्लिपा हव्यात. पण कागदांना लावायच्या काळ्या क्लिपा त्यावर वळ उठवतात. त्यांच्या पकडीखाली कापडाची कतरण घाला, किंवा केसांच्या हलक्या क्लिपा घ्या.

इस्त्रीखाली टर्किश टॉवेल

मऊ टॉवेलवर तुकडा दबतो आणि इस्त्री ओढली की ताणला जातो. उरेब (तिरका) कापलेला तुकडा तर लगेच आकार सोडतो. त्याऐवजी घट्ट विणीचं जाड ब्लँकेट घडी करून त्यावर सुती चादर ताणा. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवत दाबा.

मशीनमध्ये खोबरेल

इथे मात्र घरगुती पर्याय चालत नाही. खाद्यतेल हवेनं चिकट होत जातं, आणि खोबरेल तर साधारण 24 अंशांखाली थिजतं. दोन्हींमुळे मशीन जड चालतं, मग आवाज करू लागतं. शिलाई मशीनचंच तेल घाला. दात्यांमधला कापूस काढायला जुना टूथब्रश छान, पण तोंडानं फुंकर मारू नका. कापूस आणखी आत जातो आणि सोबत ओलावाही. आधीच चुकीचं तेल गेलं असेल तर वरून चांगलं तेल ओतून भागत नाही. मशीन उघडून जुना थर पुसून काढावा लागतो, आणि ते काम कारागिराकडेच द्यावं.