शिष्यवृत्तीची तयारी: रोज पेपर सोडवूनही मार्क वाढत नाहीत? या चुका टाळा

परीक्षा महिन्यावर आली की पालकांचे मेसेज सुरू होतात, मॅडम रोज एक सराव पेपर सोडवून घेतोय तरी दोन्ही पेपरांचे मिळून मार्क 300 पैकी 180 च्या वर जातच नाहीत, काय करू. मी दरवेळी उलट एकच विचारते, चुकलेल्या प्रश्नांचं काय केलंत? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की काही नाही, बरोबर उत्तर कुठलं ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर घेतला. बाकी सगळ्या चुका यापुढे लहान आहेत. पेपर सोडवायला दीड तास दिलात तर तो तपासायला, म्हणजे लेकराला शेजारी घेऊन नीट बघायला, दोन तास द्या. आठवड्याला दोनच पेपर झाले तरी चालतील.

ज्यांचं पहिलंच मूल बसतंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला आली आणि 2026-27 पासून ती परत फक्त चौथी-सातवीला घ्यायचा निर्णय 2025 मध्ये झाला. मी इथे पाचवीच्या परीक्षेचं सांगतेय, तिला दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50. प्रत्येक प्रश्नाला 2 मार्क म्हणजे एकूण 300, आणि एका पेपरला 90 मिनिटं. चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत.

आता तपासायचं कसं ते सांगते. माझ्याकडे एक मुलगी होती, हुशार, वर्गात हात कायम वर, पण पहिल्या पेपरात 25 प्रश्न चुकून आली. घरचे म्हणाले गणित कच्चं आहे, क्लास लावतो. मी म्हटलं थांबा, आणि आम्ही दोघी पेपर घेऊन बसलो. एकेका चुकीपुढे खूण करत गेलो, खरंच येत नव्हतं की येत होतं पण नीट वाचलं नाही की उत्तरपत्रिकेत रंगवायचा गोल चुकला. येत नव्हते ते फक्त 9 निघाले. 11 ठिकाणी तिने प्रश्नातला 'नाही', 'चुकीचा पर्याय', 'सर्वांत लहान' असले शब्दच वाचले नव्हते आणि 5 ठिकाणी उत्तर बरोबर काढून गोल दुसराच रंगवला होता. म्हणजे 32 मार्क अभ्यास न वाढवता मिळण्यासारखे होते! तिला एवढंच सांगितलं की असले शब्द दिसले की प्रश्नपत्रिकेत खाली रेघ मारायची, मगच पर्याय बघायचे. आधी पंधरा दिवस विसरायची, मग हाताला सवय लागली.

गोल चुकणे हा प्रकार फार पालक मनावरच घेत नाहीत. घरी मुलं वहीत किंवा पुस्तकातच पेन्सिलने टिक करतात आणि परीक्षेत एकदम उत्तरपत्रिका आणि बॉलपेन हातात येतं, तिथे खोडता येत नाही. एका मुलाने 31 वा प्रश्न सोडला आणि 32 चं उत्तर 31 च्या गोलात रंगवलं, मग पुढचे सगळे एक घर वर सरकले, 45 ला लक्षात आलं तेव्हा रडूच कोसळलं त्याला. सुदैवाने तो सराव पेपर होता. यासाठी पहिल्या दिवसापासून उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून पेननेच सराव घ्या. डाव्या हाताचं बोट प्रश्नाच्या नंबरवर ठेवायचं, उत्तर निघालं की लगेच रंगवायचं, शेवटी एकदम रंगवू असं नको कारण शेवटी वेळ उरत नाही. आणि 10, 20, 30 असं दर दहाला थांबून बघायचं की प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर जुळतोय ना. घरात मोठं भावंड आठवीची शिष्यवृत्ती देत असेल तर अजून एक लक्षात ठेवा, त्यांच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात, पाचवीला तसं नसतं, धाकट्याने बघून दोन गोल रंगवले तर मार्क गेले.

वेळेचं म्हणाल तर 75 प्रश्नांना 90 मिनिटं म्हणजे एकाला 72 सेकंद. पण सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही ना. भाषा वीस-बावीस मिनिटांत उरकली पाहिजे म्हणजे गणिताला श्वास मिळतो. उतारा असेल तर आधी खालचे प्रश्न वाचायचे मग उतारा. गणितात दोनदा वाचूनही वाट दिसली नाही तर बाजूला फुली मारून पुढे. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि एकही गोल कोरा ठेवायचा नाही.

सूत्रांची घाई

यावर मी जरा जास्त बोलणारे, कारण इथे मुलांचं नुकसान होताना रोज बघते. 100 मीटरच्या रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर 10 मीटरवर झाड लावलं तर किती झाडं? बहुतेक मुलं 10 म्हणतात. मग कोणीतरी शिकवतं, भागून एक मिळवायचा, पाठ कर. पाठ होतं. पुढच्या पेपरात येतं की एका लाकडाचे 5 तुकडे करायला किती वेळा कापावं लागेल, आणि लेकरू तिथेही एक मिळवून 6 सांगतं, बरोबर उत्तर 4. त्यापेक्षा चिंचोके घ्या आणि फरशीवर बसा. एक चिंचोका ठेवा, एक फूटपट्टी जागा सोडा, दुसरा ठेवा. पाच जागा झाल्या की चिंचोके मोजायला सांगा, सहा भरतात. आपण काय मोजतोय, झाडं की मधल्या जागा, हे एकदा डोळ्यांना दिसलं की लाकूड कापणं, खांब, गोल मैदानाभोवतीची झाडं (तिथे जागा आणि झाडं सारखीच, टोकच नाही ना) सगळं त्यांचं ते करतात. अर्धा तास जातो, पण तो पुरून उरतो.

तसंच बुद्धिमत्तेचं. ती उपजतच असते, तिचा अभ्यास काय करायचा असं म्हणून लोक सोडून देतात आणि 100 मार्कांचा भाग तसाच राहतो. भिंतीवरचं घड्याळ काढा, काटे 3:40 ला लावा आणि आरशासमोर धरा, 8:20 दिसतील. आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यातल्या प्रतिमेत वरचं खाली जातं, हे हातात वस्तू धरून कळतं, चित्रं बघून नाही. नात्यांच्या प्रश्नांत इंग्रजी माध्यमाची मुलं जास्त अडकतात, कारण मामा, काका, आत्याचे यजमान सगळे अंकलच. घरातल्याच माणसांवरून विचारा, तुझ्या आईच्या भावाची आई तुझी कोण, जेवताना पाच मिनिटं.

पुस्तकं एकच आणा आणि तेच पुरतं संपवा. चार गाईड घरात आणून प्रत्येकाची पहिली तीस पानं झालेली मी खूप घरांत बघितली आहेत.

काहीजण नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी सोबत करून घेतात, हरकत नाही, पण तो पेपर वेगळा आहे हे मुलाला आधी सांगा. तिथे 80 प्रश्न, 100 मार्क, दोन तास, निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे आणि ते बहुतेक आकृत्यांवर. शिवाय सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयला एकदाच बसता येतं. शेवटच्या आठवड्यात दोन्हींचे पेपर आलटूनपालटून देऊ नका, गोंधळ होतो.

आणि परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत गेटवर उभं राहून पहिला पेपर मागू नका. पन्नासाव्याचं काय लिहिलंस असं विचारलं आणि ते चुकलेलं निघालं की ते दहा वर्षांचं पोर दुसऱ्या पेपरात तोच प्रश्न डोक्यात घेऊन बसतं. पाणी द्या, पोळी-भाजीचा छोटा डबा द्या, बाथरूमला जाऊन ये म्हणा, आणि पेन चालतंय का ते एकदा कागदावर रेघ मारून बघा.