गोफ बसवताय? या चुका टाळा

सोसायटीच्या गणपतीत किंवा कोजागिरीला गोफ, म्हणजे वर एकत्र बांधलेल्या दोऱ्या धरून नाचत त्यांची वेणी विणायचा नाच, करायचा ठरला की पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात दोऱ्या दिल्या जातात. गुंता तिथेच सुरू होतो. आधी दोन दिवस रिंगणात नुसतं चालू द्या. निम्मे एका दिशेने, निम्मे उलट्या. समोरून येणाऱ्या पहिल्याला आतून ओलांडलं तर पुढच्याला बाहेरून, तोंडाने ‘आत, बाहेर’ म्हणत. हे पायात मुरलं की मग दोरी.

माणसं समसंख्येत हवीत, ८ किंवा १२. गट ओळखायला सम-विषम आकडे मात्र देऊ नका, गडबडीत आपला आकडा कुणाला आठवत नाही. एका गटाला लाल दोरी, दुसऱ्याला पिवळी; सुरुवातीला लाल आतून, पिवळे बाहेरून. सरावात त्याच रंगाचे रुमाल मनगटाला बांधा.

लहानथोर एकत्र असले की खरी अडचण उंचीची. आतला माणूस बाहेरच्याच्या दोरीखालून जातो. नऊ वर्षांची मुलगी बाहेरून गेली की तिची दोरी काकांच्या गळ्याशी येते, आणि हे धोक्याचं आहे. कुणाच्या शेजारी कोण, यावर खल करून उपयोग नाही, कारण गोफात प्रत्येक लाल प्रत्येक पिवळ्यासमोर येतोच. मुलांचा गोफ वेगळा बांधा. ज्यांना वाकणं जमत नाही त्या आजी-आजोबांकडे गाणं आणि टिपऱ्यांचा ठेका सोपवा. त्यांना नुसतं खुर्चीवर बसवून ठेवणं मला फार लागतं. लय तर तेच धरतात.

कुणी चुकलं की लोक दोरी सोडून देतात. मग गाठ कुठे पडली ते कळत नाही. ‘थांबा’ म्हणताच सगळे जागेवर, दोरी ताणलेली, आणि एकेक ओलांडणं उलट करत मागे. चुकणाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नका, नवखा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

गोव्यात काणकोणकडे शिगम्याला गोफ विणतात तसा उकलतातही. आपल्याकडे उकलण्याचा सराव राहून जातो. मागे वळल्यावर सवयीने ‘आत, बाहेर’ची पुढची पाळी धरली जाते. तसं नाही: शेवटी ज्याला आतून ओलांडलं, त्यालाच पुन्हा आतून. उकलायला विणण्याइतकाच वेळ लागतो, तेव्हा सरावाचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा.