घोडा म्हणजे म्हैस नव्हे: कोल्हापुरात घोडा पाळताना या चुका टाळा

आमच्याकडं घोडी आली तेव्हा गोठ्यात आधीच चार म्हशी होत्या. त्यामुळं पहिलं वर्ष ती बिचारी पाचवी म्हैस म्हणूनच राहिली. तीच दावण, तीच वैरण, तेच पेंडीचं पोतं आणि औषध पाजायला तेच बांबूचं नळकांडं. कोल्हापुरात घोडा ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं. कुणी वरातीसाठी ठेवतो, कुणी रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर फेऱ्या मारायला, कुणी निव्वळ हौसेखातर. पण जिल्हा दुधाचा. जनावर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आधी बादली आणि फॅट येतं. घोड्याच्या बाबतीत मी केलेल्या आणि आजूबाजूला बघितलेल्या बहुतेक चुका या एकाच मुळातून आल्यात. डॉक्टरवर किती पैसे घालायचे यातली चूकसुद्धा.

पेंडीचं पोतं

सगळ्यात महागात पडणारी चूक सगळ्यात साधी आहे. म्हशीची गोळी पेंड उरली की घोड्याच्या टोपल्यात. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. म्हशीला त्याचं काही होत नाही. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. वजनाच्या दर किलोमागं २ ते ३ मिलिग्रॅम पोटात गेलं तरी घोडा दगावू शकतो. पोत्यावरचं लेबल वाचा. त्यात हे नाव असेल, किंवा काय काय घातलंय तेच लिहिलेलं नसेल, तर ते पोतं घोड्यापासून लांब. टोपलंही वेगळं ठेवा.

दुसरी जोडी गव्हाच्या भुशाची, म्हणजे कोंड्याची, आणि हत्तीघासाची. भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हत्तीघासातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. आधी पाय आखडतात, घोडा जागा बदलत लंगडतो, आणि पुढं जबड्याची आणि नाकाजवळची हाडं सुजून तोंड मोठं दिसायला लागतं. तोवर आपण सांध्याच्या तेलावर पैसे घालवलेले असतात. भुसा ओंजळभर, चवीपुरता. हत्तीघासाऐवजी हरळी किंवा चांगलं सुकं गवत, जोडीला थोडा लसूणघास. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते ७ किलो सुकी वैरण पाहिजेच. चंदी त्यानंतर, आणि तीही दोन-तीन वेळांत विभागून. बुरशीचा वास येणारा कडबा किंवा मका असेल तर तो टाकून द्या, नुकसान झालं तरी.

आणि गुऱ्हाळ. हंगामात जाता-येता कुणीही कौतुकानं गुळाचा खडा पुढं करतो, कुणी काकवी चाटवतो. खडाभर गुळानं काही होत नाही. पण घोडं सुटून गुऱ्हाळात किंवा धान्याच्या पोत्यात तोंड घालून तासभर उभं राहिलं असेल तर ‘खाल्लं तर खाल्लं’ म्हणू नका. पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभं राहणं, खूर गरम लागणं, खुराच्या वर नाडी ठणठण उडणं ही खूर आतून सुटायला लागल्याची चिन्हं. डॉक्टरला मात्र ही दिसायची वाट न बघता, तोंड घातल्याचं कळलं त्याच तासाला फोन करायचा.

पोट दुखतंय

मार्चमधली गोष्ट. ऐन लग्नसराई. घोडी दुपारी चारपासून साजात, रात्री साडेअकराला घरी. मधल्या वेळात ना पाणी, ना काडी. म्हैस अशी उभी राहिली तर रवंथ तरी करते. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं असतं. आमच्या मोतद्दारानं मायेनं परत आल्याआल्या दुप्पट चंदीचा तोबरा चढवला. एकच्या सुमाराला ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडं बघत होती. बसायची, लोळायची, धडपडून उठायची. अंगभर घाम. लीद नाही.

“म्हशीला गोडेतेल पाजतोस तसं पाज की,” मामा म्हणाला. मी नळकांडं आणायला वळलोसुद्धा होतो.

फोनवर डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, “तोंडातून काही ओतायचं नाही!” तळमळणाऱ्या घोड्याची मान वर धरून तेल ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मग पोटानं नाही तर न्यूमोनियानं घोडा जातो. डॉक्टर नाकातून नळी थेट पोटात घालतात आणि ती बरोबर जागी गेल्याची खात्री करूनच औषध सोडतात. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळं पोट फुगलं की सुटकेची वाट ती नळीच.

मग त्यांनी मला चार गोष्टी विचारल्या: नाडी किती, हिरड्या कशा, पोटात गुडगुड आहे का, शेवटची लीद कधी. मला एकही सांगता आली नाही. खरी लाज त्या रात्री वाटली. या गोष्टी घोडा धडधाकट असताना शिकून ठेवायच्या:

- नाडी: जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटं ठेवली की दोरीसारखी शीर लागते. शांत उभ्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके. साठच्या वर गेले तर मामला गंभीर.
- हिरडी: अंगठ्यानं दाबा, सोडा. पांढरा डाग २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. जांभळट किंवा विटकरी हिरडी वाईट.
- ताप: ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक.
- कुशीला कान: दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. एकदम शांतता असेल तर तेही सांगायचं.

डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घ्या. लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरवा. रात्रभर फरफटवू नका, त्यानं घोडाही दमतो आणि माणूसही. आणि घरात पडलेलं दुखण्याचं इंजेक्शन मारून मोकळे होऊ नका. माणसाचं डायक्लोफिनॅक तर अजिबात नको. दुखणं दबतं, आतडं पिळलेलंच राहतं, आणि डॉक्टरला दिसतो तो शांत उभा असलेला घोडा. दिलंच असेल तर काय, किती आणि किती वाजता दिलं ते न लाजता सांगा.

आमची वाचली. आता वरातीच्या मधल्या वेळेत सुक्या गवताची पेंढी आणि बादली सोबत जाते. कार्यालयवाले हसतात. हसू देत.

‘सुकत चाललाय, टॉनिक द्या’

औषधाच्या दुकानात सगळ्यात जास्त पैसे या वाक्यावर जातात. लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, ताकदीचं इंजेक्शन, वर दोन सलाईन. घोडा तसाच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी लीद फोडून बघा. अख्खे हरभरे आणि लांब काड्या दिसल्या तर दातांकडं वळा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा झिजून सुरीसारख्या होतात. खाताना घास तोंडातून गळणं, मान तिरकी धरून चावणं, लगाम ओढला की डोकं झटकणं ही त्याचीच लक्षणं. वर्षातून एकदा तोंड उघडून दाढा कानशीनं घासून घेतल्या की निम्मे ‘अशक्त’ घोडे भरतात.

दात ठीक असतील तर ताज्या लिदीची तपासणी. जंतांची अंडी मोजतात, आणि मगच औषध. दर दोन महिन्यांनी डोळे झाकून जंताचं औषध देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि औषध पुढं काम करेनासं होण्याचा धोकाही कमी. म्हशीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याच्या मांसात टोचायची पद्धत सोडा. सुई टोचलेल्या जागी भयानक संसर्ग होऊ शकतो. घोड्याची पेस्ट तोंडातून द्यायची असते.

तरीही सुकतोय, मधूनच ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते? मग रक्त तपासा. सर्रा असू शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात. ताप चढलेला असताना रक्त घेतलं तर जंतू सापडायची शक्यता जास्त. नाकातून चिकट पू आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर मात्र घोडा वेगळा बांधा, त्याची बादली दुसऱ्याला लावू नका आणि सरकारी दवाखान्यात कळवा. ग्लँडर्सची शंका असेल तर घरगुती उपचार नाहीतच. तो माणसालाही होतो.

गुलाल आणि खिळा

या दोन्हींत ‘सकाळी बघू’ चालत नाही. जोतिबाची यात्रा म्हणा किंवा वरात, गुलाल उधळला जाणारच. डोळा मिटून धरलाय, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही, तर स्वच्छ सलाईननं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. घरात पडलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो. डॉक्टर हिरवा रंग टाकून जखम आहे का ते बघतात. पाच मिनिटांचं काम, पण तेच महत्त्वाचं.

मांडवाचा खिळा तळव्यात घुसला तर उपटायची घाई नको. आणखी आत जाणार नसेल तर तसाच ठेवून डॉक्टरला बोलवा, कारण तो किती खोल आणि कुठल्या दिशेनं गेलाय हे त्याच्याशिवाय कळत नाही. काढावाच लागला तर जागेला खूण करा आणि लांबी मोजून ठेवा. धनुर्वाताची लस दरवर्षी. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, आणि झाल्यावरचा खर्च लशीच्या कितीतरी पट. नालबंदाच्या सहा-आठ आठवड्यांच्या फेरीला जोडूनच लशीची तारीख लक्षात ठेवा, विसरत नाही.

बिलाची भीती आणि बिलाची हौस

म्हशीचा हिशोब सोपा असतो. उपचाराला इतके, पुढच्या वेतात दूध इतकं, नाहीतर बाजार. घोड्याला तो लागू होत नाही. मग माणूस खरेदीची किंमत धरून बसतो: “अकलूजच्या बाजारात जेवढं दिलं त्याच्या निम्मं बिल? चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.” पण ते पैसे घोडा घेतला त्या दिवशीच गेले. आज विचारायचं ते हे: बरा होण्याची शक्यता किती? झाला तर काम करेल की नुसता उभा राहील? मधले दिवस किती दुखणार? आणि दोन महिने रोज पट्टी बदलायला घरातलं कोण आहे? हे प्रश्न डॉक्टरला सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

उलटी चूकही बघितलीय. ओळखीतल्या एकाच्या म्हाताऱ्या घोड्याचे खूर सुजले. रोज नवा सल्ला, रोज एक इंजेक्शन, तीन आठवडे सलाईन. सगळं प्रेमानं. खुराचा एक्स-रे मात्र कुणी काढला नाही. शेवटी काढला तेव्हा आतलं हाड तळव्यातून बाहेर यायच्या बेतात होतं. तो एक्स-रे दुसऱ्या दिवशी काढला असता तर पुढं काय हे तेव्हाच कळलं असतं, आणि घोड्याचे ते तीन आठवडे वाचले असते. पैसे आधी निदानावर घाला, मग औषधावर. दुखणं संपणार नसेल तर डॉक्टरकडून शांतपणे झोपवणं हाही उपचारच.

विम्याबद्दल गैरसमज नको. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत घोडाही बसतो, पण तो विमा जनावर दगावल्यावरचा. डॉक्टरचं बिल तो भरत नाही. त्यासाठी आम्ही प्रत्येक वरातीच्या पैशातला दहावा हिस्सा वेगळ्या डब्यात टाकतो. पावसाळ्यात वराती नसतात, पण आजारपण असतं.

तबेल्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. वर घोड्याचा अनुभव असलेल्या दोन डॉक्टरांचे नंबर, खाली फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२. मग टेम्पोवाल्याचा नंबर, जो रात्री उठतो. मग शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा, समोर ‘पावणेदोनशे किलोमीटर, निघायच्या आधी फोन करून विचारणे, शस्त्रक्रिया आज होईल का’. त्याखाली घरात सगळ्यांनी बसून ठरवलेलं एक वाक्य: पोटाची शस्त्रक्रिया लागली तर करायची की नाही, आणि जास्तीत जास्त किती रुपयांपर्यंत. हे रात्री एक वाजता ठरत नाही; तेव्हा मामा एक बोलतो, आई दुसरंच. दर पाडव्याला तो आकडा पुन्हा बघतो. घोडीचं वय वाढतंय, म्हणून तेवढा आकडा पेन्सिलीनं लिहिलाय.