हिवाळ्यात कालव्यावरची गळाची स्पर्धा : या चुका टाळा

इंग्लंडच्या मध्य भागात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठल्या ना कुठल्या कालव्याच्या काठी गळाने मासे पकडण्याची स्पर्धा भरते. गेले 16 हिवाळे मी ऑक्सफर्ड, कॉव्हेंट्री आणि ग्रँड युनियन या कालव्यांवरच्या स्पर्धांत बसत आलो आहे, आणि काही वर्षांपासून नवख्यांना शेजारी बसवून शिकवण्याचे कामही क्लबाने माझ्या गळ्यात घातले आहे. माणसे दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच असतात आणि बहुधा त्याच घाईतून होतात. त्यांतल्या दोन चुकांचा मला मनापासून वैताग आला आहे, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो. बाकीच्या ओझरत्या सांगेन.

आधी कालव्याविषयी थोडेसे, कारण आपल्याकडचा कालवा शेताला पाणी पोचवतो आणि वाहतो, तर इथले कालवे कोळशाच्या व मालाच्या बोटींसाठी खोदलेले आहेत. ऑक्सफर्ड कालवा 1790 मध्ये पुरा झाला. या कालव्यांची रुंदी बहुतेक ठिकाणी 10 ते 14 मीटर असते. मधोमध बोटी जाण्याचा चर असतो, त्याला ट्रॅक म्हणतात आणि तो साधारण 4-5 फूट खोल असतो. दोन्ही काठांना शेल्फ, म्हणजे पाण्याखालचे उथळ कट्टे असतात. आपण बसतो तो टोपाथ ही पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट होती. सकाळी चिठ्ठी उचलून जी बसायची जागा मिळते तिला पेग म्हणतात. (मराठी वाचकाच्या मनात जो पेग येतो, तो वजने झाल्यावर.) स्पर्धा बहुधा 5 तासांची असते, आणि थंडीत एखाद्या गटात दीड पौंड मासेसुद्धा पहिले येण्यास पुरतात. हा आकडा डोक्यात पक्का बसवून मगच पुढचे वाचावे.

सुरुवातीलाच भरमसाट चारा टाकणे

मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी 4-5 अंशांवर उतरले की त्याची पचनक्रिया इतकी मंदावते की बोटभर लांबीच्या रोच या माशाला दिवसाकाठी चिमूटभर अन्नही जास्त होते. शिवाय थंडीत बोटी कमी फिरतात, त्यामुळे एरवी चहासारखे दिसणारे पाणी निवळते आणि मासे कट्टे सोडून ट्रॅकमध्ये दाटीने उभे राहतात. अशा वेळी जोकर, म्हणजे पाण्याच्या तळात वाढणाऱ्या एका चिलटाची केसाएवढी लाल अळी, हा सर्वांत खात्रीचा चारा असतो. जोकर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. (आमच्याकडे आलेल्या एका पाहुणीने कोथिंबीर समजून ती पुडी उलगडली होती, तेव्हापासून पुडीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेले असते.)

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली जानेवारीतली एक स्पर्धा मी विसरू शकत नाही. हॉक्सबरीपासून काही अंतरावर, ऑक्सफर्ड कालव्यावर माझा पेग होता आणि शेजारी सत्तरीचे एक निवृत्त खाणकामगार बसले होते. आदल्या दिवशी मी अर्धा पाइंट जोकर विकत आणला होता आणि विकत आणला आहे तर वापरलाच पाहिजे, असा माझा सरळ हिशोब होता. शिट्टी होताच मी लीममध्ये, म्हणजे करड्या चिकणमातीत मळलेले लिंबाएवढे तीन गोळे पोलच्या, म्हणजे तुकडे जोडून लांब करायच्या काठीच्या, टोकाच्या वाटीतून ट्रॅकमध्ये सोडले. पहिल्या 20 मिनिटांत चार मासे आले आणि मला वाटले की आज आपण जिंकलो. त्यानंतर दीड तास फ्लोट, म्हणजे दोरावरचा तरंगा, हललाही नाही. मासा लागत नाही म्हणजे चारा कमी पडला असणार, असे ठरवून मी आणखी दोन गोळे टाकले, तासाभराने पुन्हा दोन टाकले. शेजारच्या आजोबांनी सुरुवातीला बोराएवढी एकच गोळी सोडली होती आणि नंतर पाऊण तास त्यांनी चाऱ्याच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही. ते मान खाली घालून एकामागून एक रोच काढत होते.

वजने झाली तेव्हा माझे सात मासे 5 औंस भरले आणि त्यांचे 2 पौंड 3 औंस, म्हणजे किलोला 8 ग्रॅम कमी. सामान आवरताना त्यांनी माझ्या चाऱ्याच्या रिकाम्या डब्यात डोकावून पाहिले, मग स्वतःचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. तो तीन चतुर्थांश भरलेला होता. एक शब्दही न बोलता त्यांनी झाकण लावले.

पाण्यात गेलेला चारा परत काढता येत नाही, ही साधी गोष्ट माणसे विसरतात, कारण त्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात ते उन्हाळ्यातल्या, कार्प माशांनी खच्चून भरलेल्या तळ्यांवरचे. तिथे ओंजळीने चारा टाकणारा माणूस ओंजळीने मासे काढतो. जानेवारीतल्या कालव्यावर तोच प्रकार केला तर मासा पोट भरून बाजूला होतो आणि तुमच्या गळावरची एकुलती एक अळी हजारो अळ्यांत हरवून जाते.

माझी सवय सांगतो, तिला पद्धत म्हणावे की नाही ते ठाऊक नाही. आईच्या हिंगाच्या डबीएवढी एक डबी मी जोकरने भरतो आणि पहिले दोन तास तेवढ्यावर काढतो. उरलेला सगळा चारा पाठीमागच्या पिशवीत तळाशी असतो, म्हणजे तो हवा असेल तर बैठकीच्या पेटीवरून उठावे लागते, पाय सोडवावे लागतात आणि तेवढ्या वेळात मोह बहुधा ओसरतो. पहिला तास तर मी जोकर काढतही नाही. पाव मिक्सरमधून काढून केलेला भुगा सुपारीएवढा टाकतो आणि गळाला पंचने कापलेली पावाची चकती लावतो. रोच असतील तर ते तासाभरात कळते. चावे थांबले तरी आधी चारा टाकू नये. फ्लोट थोडा वर-खाली करून पाहावा, गळ हातभर उजवीकडे-डावीकडे नेऊन पाहावा, आणि मगच डबीकडे बघावे.

खोली नीट न मापणे, आणि एकदाच मापणे

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही जास्त खटकते, कारण ती निव्वळ आळसातून होते. स्पर्धेपूर्वी तासभर मोकळा मिळतो. त्यात नवखा चहा पितो, फोटो काढतो, दुसऱ्याच्या पेगवर जाऊन गप्पा मारतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्लमेट एकदा पाण्यात बुडवून खोली मापली असे म्हणतो. कालव्याचा तळ म्हणजे ताट नव्हे. कट्ट्यावरून ट्रॅककडे जाणारा उतार कुठे संपतो, हे हातभर इकडे-तिकडे चुकले तर चारा उतारावरून घरंगळत जातो आणि आपण भलत्याच जागी गळ धरून बसतो.

प्लमेट म्हणजे खाली बूच लावलेले छोटे वजन. गळ त्याच्या कडीतून ओवून बुचात टोचायचा आणि वजन तळाला टेकेपर्यंत सरळ खाली सोडायचे. फ्लोटचे टोक पाण्याच्या बरोबरीला आले की खोली मिळाली. मी काठापासून आरंभ करतो आणि एका वेळी वीतभर पुढे सरकत समोरच्या कट्ट्यापर्यंत जातो. जिथे उतार संपून तळ सपाट होतो ती जागा सापडली की तिच्या अलीकडे-पलीकडे आणि दोन्ही बाजूंना पुन्हा मापतो, कारण तळाशी बुडलेली फांदी असली तर ती याच वेळी सापडते. मग पोलच्या वरच्या तुकड्यावर पांढऱ्या खोडरंगाने खूण करतो. या सगळ्याला 20 मिनिटे लागतात. ऑनलाइन मिळणारी खोली सांगणारी यंत्रे आणून दाखवणारे भेटतात. त्यांना माझा नमस्कार.

परंतु एकदा मापलेली खोली दिवसभर तशीच राहते, हा गैरसमज मला स्वतःलाही महागात पडला आहे. ग्रँड युनियनवरच्या एका स्पर्धेत मी दुपारपर्यंत गटात बहुधा पहिला होतो. बाराच्या सुमारास चावे एकाएकी बंद झाले. मी गळ 22 नंबरवरून त्याहून लहान 24 वर आणला, आणखी बारीक दोर लावला, अळी बदलली, आणि वर दिलेला सल्ला मोडून चारासुद्धा टाकला. तासाभराने सहज काठाकडे पाहिले तर विटांच्या भिंतीवर दोन बोटे रुंदीचा ओला पट्टा दिसला. खालच्या लॉकमधून, म्हणजे बोटी वर-खाली नेण्यासाठी दारे लावलेल्या हौदातून, ओळीने तीन बोटी गेल्या होत्या, प्रत्येक वेळी लॉकभर पाणी खाली गेले होते आणि आमच्या भागातली पातळी तेवढी उतरली होती. माझा गळ तळाला जेमतेम टेकत होता, तो आता दोन बोटे दोरासह आडवा पडला होता; मासा अळी चोखून सोडून देत असला तरी फ्लोटपर्यंत काही पोचत नव्हते. फ्लोट दोन बोटे खाली सरकवला आणि दुसऱ्याच मिनिटाला रोच आला. तो तास मात्र गेला आणि मी गटात चौथा आलो. तेव्हापासून पेगवर बसताच मी पाण्याच्या कडेला एक काडी खोचतो, पाणी जिथे टेकते तिथे नखाने खाच पाडतो आणि बोट गेली की आधी त्या काडीकडे पाहतो.

बाकीच्या चुका

पोल मागे सरकवताना टोपाथकडे न पाहणे ही चूक मासे पकडण्याशी संबंधित नाही, पण तिच्यात माणूस जखमी होऊ शकतो. 13 मीटरची काठी मागे घेताना ती संपूर्ण वाटेवर आडवी येते आणि त्या वाटेवरून सायकली, कुत्री व बाबागाड्या जात असतात. एका मुलाने माझ्या डोळ्यांदेखत पाचवा तुकडा सायकलखाली घालून मोडला आणि वर सायकलवाल्याशी भांडलाही. वाट सर्वांची आहे. आधी दोन्हीकडे पाहावे, मग काठी हलवावी.

पोल कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर त्यांच्यापासून 30 मीटरच्या आत बसू नये, चिठ्ठीत तोच पेग आला तरी आयोजकांना सांगून तो बदलून घ्यावा.

गावाकडून आणलेल्या शिशाच्या गोळ्या इथे पेटीतून काढू नयेत. 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने हंसांना विषबाधा होते म्हणून 1987 पासून बंद आहेत.

पोलच्या टोकात दोराला जोडलेले रबरी इलॅस्टिक जाड लावू नये. दहा ग्रॅमच्या माशाचे ओठ फाटतात.

बोट येताना दिसली की गळ उचलून घ्यावा, हात करावा आणि ती गेल्यावर पाणी थांबेपर्यंत चारा टाकू नये, कारण तो बोटीच्या ओढीबरोबर शेजाऱ्याच्या पेगमध्ये जातो. बोटवाल्यावर डाफरणारे स्पर्धक मला समजत नाहीत. बोटीमुळे तळ ढवळला जातो आणि गढुळलेल्या पाण्यात त्यानंतरची दहा मिनिटे बहुतेक वेळा दिवसातली सर्वांत चांगली असतात.

गळ बांधायचे काम घरीच करावे. 2 अंश तापमानात 24 नंबरचा गळ बांधू पाहणाऱ्याची बोटे मी पाहिली आहेत. त्यात वीस मिनिटे जातात आणि गाठ सुटतेच.

पेग वाईट लागला अशी तक्रार शिट्टीपूर्वीच करणारा माणूस तीन वाजेपर्यंत तो पेग वाईट करूनच दाखवतो.

शेवटची चूक जरा लांबवतो, कारण ती हुशार नवखेच करतात. समोरच्या काठाच्या झुडपाखाली मोठा पर्च मासा असतो, हे त्यांनी ऐकलेले असते. एक 10 औंसांचा पर्च म्हणजे पंधरा-सोळा छोटे रोच, हा हिशोब बरोबरच आहे. म्हणून ते अकरा वाजताच चिरलेली गांडुळे तिकडे टाकतात आणि दर पाच मिनिटांनी तिथे जाऊन पाहतात. स्वच्छ पाण्यात, डोक्यावर उजेड असताना पर्च बहुधा बाहेर येत नाही. या फेऱ्यांत ट्रॅकमधले रोचही पांगतात आणि हाती काहीच उरत नाही. मी सकाळी दहालाच तिथे सुपारीएवढी चिरलेली गांडुळे टाकतो आणि नंतर तिकडे फिरकत नाही. दोन वाजून गेले, उजेड उतरू लागला आणि झुडपाची सावली पाण्यावर आली की पोलचा शेवटचा तुकडा जोडतो, गांडुळाचे शेपूट गळाला लावतो आणि फांदीखाली अलगद सोडतो. चार स्पर्धांपैकी तीनदा काहीच होत नाही.